मराठी वाचायला ई-रीडर घेताय? आधी पुस्तकांची यादी करा, मशीन नंतर

"किंडल घेऊ का?" असं अमेझॉनच्या या ई-रीडरबद्दल ओळखीतल्या कोणी विचारलं की मी उलट विचारते, वाचणार काय आणि त्यात मराठी किती. फक्त इंग्रजी वाचणाऱ्याला फार डोकं चालवावं लागत नाही, सेल लागला की घ्यायचं, विषय संपला. आपलं तसं नाही. आपली काही पुस्तकं किंडलवर असतात, काही बुकगंगाच्या ऑनलाइन दुकानात, काही जुन्या स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये आणि बरीचशी छापील सोडून कुठेच नसतात. त्यात यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघावेत तर स्क्रीन, स्टोरेज, बॅटरी सगळं सांगतात, पण 'दुसऱ्या' हा साधा शब्द त्या स्क्रीनवर धड दिसतो का ते कोणी दाखवत नाही. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

सुरू करायच्या आधी एवढं जवळ ठेवा:

- पुढच्या वर्षभरात वाचायचीच आहेत अशा दहाएक पुस्तकांची यादी
- अमेझॉनचं अकाउंट (किंडल घ्यायचं असेल तर) आणि त्याचा पासवर्ड, तो ऐन वेळी आठवत नाही
- घरचं वायफाय
- डेटा जाणारी यूएसबी केबल, नुसती चार्जिंगवाली नको
- कॅलिबर हे ई-बुकं सांभाळायचं आणि त्यांचा फाइल प्रकार बदलायचं कॉम्प्युटरवरचं फुकट सॉफ्टवेअर (आपल्या कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं), हे आज नाही तर उद्या लागतंच
- तुमच्याकडे पडलेली एखादी मराठी पीडीएफ, चाचणीसाठी

१. मुळात गरज आहे का ते बघा

ई-रीडरची स्क्रीन म्हणजे ई-इंक. आत काळे-पांढरे बारीक कण असतात, करंट दिला की ते वरखाली होतात आणि अक्षर उमटतं, एकदा उमटलं की तसंच ठेवायला करंट लागत नाही. म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे जाते आणि म्हणूनच पान उलटताना ती एक काळी झपक येते जी पहिले दोन दिवस सगळ्यांनाच खटकते. दिवा असतो, पण तो बाजूने स्क्रीनवर पडतो, मोबाइलसारखा मागून डोळ्यांत येत नाही.

रोजच्या वापरात फरक कुठे पडतो ते सांगते. लोकलमध्ये एका हाताने वरची कडी धरून उभं असताना जाड कादंबरी वाचणं जमत नाही, मोबाइल जमतो पण दर दोन मिनिटांनी वरून काहीतरी टपकतं आणि आपण तिकडे जातो. दीडदोनशे ग्रॅमचा ई-रीडर इथे खरा उपयोगाचा, अंगठ्याने टच करायचं आणि पुढे. भर दुपारी गच्चीत किंवा गावी ओसरीवर उन्हात मोबाइल काळाठिक्कर दिसतो, ई-इंक जेवढं ऊन तेवढी छान. रात्री शेजारी कोणी झोपलं असेल तर दिवा अगदी मंद करून वाचता येतं, ट्यूबलाइट कशाला लावलीस म्हणून भांडण नाही. आणि पावसाळ्यात कोकणात लाइट जाते ती कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा मोबाइल फोनसाठी राखून ठेवायचा आणि वाचायचं यावर.

पण सगळ्यात जास्त उपयोग मी घरातल्या मोठ्या माणसांना झालेला बघितलाय. आमच्या आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी छापील पुस्तक वाचवेना, टाइप बारीक, त्यात जुना पिवळा कागद. अक्षर तीन-चार पट मोठं केलं की प्रश्न मिटतो. फक्त एवढ्या मोठ्या अक्षरात मराठीच्या जेमतेम आठ-नऊ ओळी एका पानावर बसतात, म्हणजे पान सारखं उलटावं लागतं, त्यामुळे ज्येष्ठांसाठी घेत असाल तर मोठी स्क्रीन घ्या किंवा बाजूला बटणं असलेलं घ्या.

कुणी घेऊ नये? दिवाळी अंकच मुख्य वाचन असेल त्यांनी. दोन-तीन कॉलम, जाहिराती, रंगीत चित्रं, व्यंगचित्रं, हे सगळं सहा इंचावर बघायची शिक्षा कशाला, टॅब वापरा. पाककृतींची, प्रवासाची फोटोवाली पुस्तकं, पोरांची अभ्यासाची पुस्तकं, तेच. आणि ज्यांना मागची पानं चाळत, मधेच कुठेतरी उघडून वाचायची सवय आहे त्यांना यात काही केल्या मजा येत नाही, कवितासंग्रह मी अजून छापीलच घेते.

२. दहा पुस्तकांची यादी आणि प्रत्येकापुढे एक खूण

ही पायरी सगळे गाळतात. दहा पुस्तकं लिहा आणि एकेक नाव शोधा: अमेझॉनवर किंडल आवृत्ती आहे का, बुकगंगावर ई-बुक आहे का, गुगल प्ले बुक्सवर आहे का. प्रत्येकापुढे खूण करा. इंग्रजीत टाइप करून आणि देवनागरीत टाइप करून, दोन्ही प्रकारे शोधा, एकात न सापडलेलं दुसऱ्यात सापडतं.

किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे २०१६ च्या डिसेंबरपासून आहेत, हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमसोबत. तेव्हापासून साठा बराच वाढलाय पण प्रकाशकाप्रकाशकावर आहे. बुकगंगा पुण्याचं, मराठीचा साठा मोठा, पण तिथलं ई-बुक त्यांच्याच ॲपमध्ये उघडतं, किंडलवर नाही. हे न बघता आधी तिकडे पुस्तकं घेऊन मग किंडल मागवणारे लोक मला दरवेळी भेटतात.

फुकट आणि कायदेशीर काय मिळतं तेही या यादीत धरा. मराठी विकिस्रोतावरून पुस्तक थेट ईपबमध्ये (ई-बुकचा फाइल प्रकार, यात अक्षर लहानमोठं करता येतं) डाउनलोड होतं, हा प्रकार फार लोकांना माहीतच नाही. ई साहित्य प्रतिष्ठान मोफत पुस्तकं देतं, बहुतेक पीडीएफ. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या वेबसाइटवर त्यांचे ग्रंथ पीडीएफमध्ये आहेत. लहान मुलांसाठी स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, साने गुरुजी १९५० मध्ये गेले म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं, हरिभाऊ आपटे, गडकरी तर त्याच्या कितीतरी आधीपासून. त्यामुळे जुनं वाचणाऱ्यांची चांदी आहे, टेलिग्रामवरच्या चोरीच्या पीडीएफकडे जायची गरज नाही.

३. खुणा मोजा आणि मशीनचा प्रकार ठरवा

बहुतेक खुणा किंडलला: डोळे मिटून किंडल. स्वस्तातलं सहा इंची किंवा पेपरव्हाइट. २०२५ मध्ये आलेला सात इंची पेपरव्हाइट इथे १६,९९९ ला निघाला. साधं आणि पेपरव्हाइट यांत मुख्य फरक स्क्रीनचा आकार, दिव्याचा पिवळसर रंग कमीजास्त करता येणं आणि पाण्यापासून बचाव, एवढाच. रात्री वाचत असाल तर पिवळसर दिव्याचे जादा पैसे वसूल होतात, नसाल तर साधं पुरे.

बुकगंगा, गुगल आणि किंडल असं तिन्हीकडे विखुरलेलं: मग अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक बघा, बूक्स (Boox) कंपनीचा वगैरे. त्यात प्ले स्टोअर असतं, सगळी ॲप एकाच मशीनवर येतात. तोटे पण ऐका, बॅटरी किंडलइतकी टिकत नाही, ॲप मोबाइलसाठी बनवलेली असल्यामुळे स्क्रोल करताना मागच्या पानाचा पुसट ठसा राहतो, आणि सेटिंग इतकी की पहिला रविवार त्यातच जातो. ज्याला मोबाइलची सेटिंग बघायला भाचा लागतो त्याला हे देऊ नका.

ईपब फाइल्स जास्त, विकिस्रोत, गुगलवरून घेतलेलं, इंग्रजी इकडचं तिकडचं: कोबो कंपनीचा ई-रीडर चांगला. ईपब सरळ घेतो, अडोबीच्या कुलूपवाल्या फाइल पण चालतात, फॉन्टची फाइल 'फॉन्ट्स' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली की यादीत दिसते. वर केओरीडर नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकता येतं, देवनागरी त्यात नीट दिसतं. आपल्याकडे कोबो बहुतेक परदेशातून येणारं कोणीतरी आणतं किंवा आयात करणारे विकतात, तेव्हा वॉरंटी कोण देणार ते आधी लेखी विचारा.

आणि दहापैकी सहा-सात पुस्तकांपुढे काहीच खूण नाही असं झालं तर? मग थांबा. लायब्ररीची वर्गणी भरा, पैसे वाचले.

रंगीत ई-इंकचं खूळ सध्या आहे. त्यात काळं-पांढरं ३०० पीपीआय (एका इंचात किती ठिपके, जितके जास्त तितकं अक्षर रेखीव) असलं तरी रंगीत फक्त १५० असतं, शिवाय रंगांच्या थरामुळे पांढरं जरा करडं दिसतं आणि दिवा सतत लावावा लागतो. कॉमिक्स सोडून मला तरी त्याचा उपयोग समजलेला नाही.

४. पीडीएफवाल्यांनी फूटपट्टी घ्या

सहा इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. प्रत्यक्षात ती स्क्रीन साधारण ३.६ बाय ४.८ इंच. आपलं नेहमीचं डेमी आकाराचं मराठी पुस्तक साडेपाच बाय साडेआठ. म्हणजे स्कॅन केलेलं पान पूर्ण दाखवायचं तर अक्षर मूळच्या जेमतेम निम्मं होतं. सात इंचावर दोन तृतीयांश. १०.३ इंचाच्या मशीनवर जवळपास मूळ आकारात. स्कॅनमधलं अक्षर मोठं होत नाही, ते चित्र आहे, झूम केलं की ओळ उजवीकडे पळते आणि प्रत्येक ओळीला बोट सरकवत बसायचं, दोन पानांत माणूस कंटाळतो.

त्यातल्या त्यात उपाय म्हणजे मशीन आडवं धरून वाचायचं, पान दोन-तीन तुकड्यांत दिसतं पण अक्षर वाचण्याजोगं होतं. किंवा केटूपीडीएफऑप्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते समास कापून ओळी तोडून छोट्या स्क्रीनसाठी नवी पीडीएफ बनवतं. स्वच्छ स्कॅन असेल तर चांगलं काम करतं, पान वाकडं असेल तर मात्रा एका तुकड्यात आणि अक्षर दुसऱ्यात.

५. 'दुसऱ्या तऱ्हेचं वाङ्मय' चाचणी

घ्यायच्या आधी करता आली तर उत्तम, नाहीतर रिटर्नची मुदत असेपर्यंत नक्की करा. गुगल डॉक्समध्ये एक ओळ लिहा: दुसऱ्या तऱ्हेचं वाङ्मय, उद्ध्वस्त वाडा, ॲप, ऑफिस, कॅलेंडर, शृंगार, कुऱ्हाड, ज्ञानेश्वर. ईपब म्हणून डाउनलोड करा, तो पर्याय त्यातच आहे, आणि मशीनवर टाका.

आता बारकाईने बघा. 'दुसऱ्या'मधला अर्धा र पापणीसारखा हवा, 'र' खाली पाय मोडका आणि पुढे 'या' असं दिसलं तर त्या मशीनला मराठी येत नाही, हिंदीवर भागवतंय. 'ॲप'च्या जागी गोल ठिपक्यांचं वर्तुळ किंवा चौकोन आला तर सॉफ्टवेअर किंवा फॉन्ट जुना. 'वाङ्मय'मध्ये ङ चा टिंब आहे का. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का हिंदी, हे काहींना चालतं, मला दर पानावर टोचतं. फॉन्ट बदलता येत असेल तर टायरो देवनागरी मराठी किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका टाकून बघा, दोन्ही मोफत आहेत. किंडलवर मराठीसाठी फॉन्टची निवड इंग्रजीएवढी नाही हे धरून चाला.

किंडलचं मशीन नसतानाही अर्धी परीक्षा घेता येते. मोबाइलवर किंडल ॲप टाका, हव्या त्या पुस्तकाचं सॅम्पल फुकट मिळतं, ते वाचा. मशीनचा दोष नाही कळणार पण पुस्तकाचा कळेल, काही मराठी ई-बुकं इतक्या घाईने बनवलेली असतात की परिच्छेदच नाहीत किंवा अनुस्वार गायब.

६. विकत घेताना कुठे फसगत होते

सेकंडहँड स्वस्त मिळतात, पण २०२२ च्या आधीचं साधं किंडल १६७ पीपीआयचं आहे. इंग्रजीला चालून जातं. मराठीत अनुस्वार, रफार, जोडाक्षराच्या आतली गाठ, सगळं मिळून काजळ लागल्यासारखं दिसतं. ३०० पीपीआय असेल तरच घ्या. आधीच्या मालकाने आपल्या अकाउंटवरून ते काढून टाकलंय ना हे समोर बसून बघा, नाहीतर तुमच्या हातात वीट.

अमेरिकेतून भाऊ-वहिनी आणणार असतील तर त्यांना आधी सांगा की जाहिराती नसलेलं घ्या, तिकडे स्वस्त मॉडेलच्या लॉक स्क्रीनवर जाहिराती असतात. आल्यावर ते तुमच्या भारतातल्या अमेझॉन अकाउंटला जोडा. तिकडच्या अकाउंटवर ठेवलंत तर दुकान तिकडचं, किमती डॉलरमध्ये. उलट तिकडेच राहणाऱ्यांना गावच्या लायब्ररीची पुस्तकं लिबी नावाच्या ॲपवरून किंडलवर मिळतात, ती सोय भारतात नाही.

कव्हर त्याच ऑर्डरमध्ये घ्या. ही स्क्रीन आतून काचेची असते, बॅगेत डबा, छत्री आणि वरून गर्दीचा दाब आला की बाहेर ओरखडाही न दिसता आतून तडकते, अर्ध्या स्क्रीनवर रेघा येतात. हे वॉरंटीत बसत नाही.

७. बाहेरची पुस्तकं चढवणं

किंडलला प्रत्येकाचा एक ईमेल पत्ता मिळतो, त्यावर फाइल पाठवली की मशीनवर येते. नव्वद टक्के लोक इथे अडकतात कारण ज्या पत्त्यावरून पाठवताय तो आधी अमेझॉनच्या सेटिंगमध्ये परवानगीच्या यादीत टाकावा लागतो, नाही टाकला तर फाइल येतच नाही. ईमेलने ५० एमबीपर्यंत जाते, सेंड टू किंडलच्या वेबपेजवरून २०० एमबीपर्यंत. ईपब पाठवा, मोबी हा जुना फाइल प्रकार आता घेत नाहीत, जुने लेख अजून मोबी करा म्हणून सांगतात ते विसरा.

आता खास मराठी भानगड. पीडीएफ कॅलिबरमध्ये टाकून ईपब करायला जाल तर बाहेर काय येईल सांगू? इंग्रजी अक्षरांची भेळ. कारण आपल्याकडची ढीगभर पुस्तकं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप झालीत, ती दिसतात मराठी पण आत इंग्रजी अक्षरं आणि खुणा भरलेल्या असतात. ओळखायचं सोपं: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा. कचरा आला तर नाद सोडा. ओळ मराठीतच आली, म्हणजे पीडीएफ युनिकोड असली, तरी वेलांट्या इकडच्या तिकडे होतात, 'किती'ची वेलांटी क च्या मागे जाऊन बसते. मूळ वर्ड फाइल कोणाकडे असेल तर ती मागा. अगदीच हवं असेल तर पीडीएफ गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडा, ते चित्रातलं मराठी वाचून टाइप करून देतं, बऱ्यापैकी देतं, पण 'घ' चा 'ध' आणि 'भ' चा 'म' तपासत बसायची तयारी ठेवा. आजोबांच्या आठवणींची वही असेल तर ही मेहनत करावी, सातशे पानी कादंबरीसाठी नको.

आणखी एक. २६ फेब्रुवारी २०२५ पासून अमेझॉनने विकत घेतलेलं पुस्तक वेबसाइटवरून कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची सोय बंद केलीय. म्हणजे किंडलवर घेतलेलं पुस्तक बहुतेक वेळा किंडलमध्येच राहणार, उद्या कोबो घेतला तर ते तिकडे जाणार नाही. संग्रही ठेवायचं पुस्तक असेल तर छापील घ्या, एकदा वाचून सोडून द्यायचं असेल तर ई-बुक, मी असं सरळ वाटून टाकलंय.

८. पहिल्या दिवशीची सेटिंग आणि नंतर

वायफाय सापडत नसेल तर राउटरचं २.४ गिगाहर्ट्झवालं नाव निवडा, जुनी मशीनं पाच गिगाहर्ट्झवर चालत नाहीत. मराठीसाठी ओळींमधलं अंतर एक पायरी वाढवा, उकार आणि वरच्या मात्रा एकमेकींना भिडत नाहीत. समास कमी करा. पानावर मागचा ठसा राहतोय असं वाटलं तर दर पानाला स्क्रीन पुसायचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, बॅटरी जरा जास्त जाते.

चार्जर मोबाइलचा साधा चालतो. महिनोन् महिने बंद पडून ठेवायचं असेल तर निम्मं चार्ज करून ठेवा, शून्यावर नको. पेपरव्हाइट पाण्यात पडला तरी चालतो असं म्हणतात ते गोड्या पाण्याबद्दल, गणपतीपुळ्याच्या समुद्राबद्दल नाही. आणि पावसाचे थेंब स्क्रीनवर पडले की त्याला ते बोट वाटतं, आपोआप पानं उलटत जातात, मग शोधत बसा कुठे होतो ते.

कधीतरी हँग होणारच, विशेषतः मोठी पीडीएफ टाकल्यावर. घाबरून सर्व्हिस सेंटरचा नंबर शोधू नका. किंडलचं पॉवर बटण चाळीस सेकंद दाबून धरा, मधे स्क्रीनवर काही आलं तरी सोडू नका, ते रीस्टार्ट होतं. परत त्याच पीडीएफवर अडकलं तर यूएसबीने कॉम्प्युटरला जोडून 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमधून ती फाइल उडवून टाका.